शब्द ओळखीचे, अर्थ अनोळखी : इंग्रजी वाक्प्रचार मुलांना कसे समजावून द्यावेत?



महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. त्याचा एक फायदा नक्की झाला. आपल्या मुलांना आज इंग्रजी शब्द बरेच येतात. पाचवीतल्या मुलाला 'लुक' म्हणजे बघणे आणि 'आफ्टर' म्हणजे नंतर, हे पाठ असतं. पण फळ्यावर 'लुक आफ्टर युअर सिस्टर' असं लिहून अर्थ विचारला, की वर्गातून उत्तर येतं, "नंतर बहिणीकडे बघ." दोन्ही शब्दांचे अर्थ बरोबर, वाक्याचा अर्थ मात्र हुकला. बहिणीला सांभाळ, असं ते वाक्य सांगतंय.

अशा वेळी मुलाला वाटतं, "मला शब्द येतात तरी माझं चुकतंच. म्हणजे इंग्रजी आपल्याला जमणारं नाही." पालकांना वाटतं, मराठी शाळेत घातल्यामुळे असं झालं. या दोन्ही समजुती बरोबर नाहीत. अडचण मुलाच्या बुद्धीत नाही आणि शाळेच्या माध्यमातही नाही. प्रत्येक भाषेत काही शब्दसमूह असे असतात की ज्यांचा अर्थ सुट्या शब्दांची बेरीज करून मिळत नाही. मराठीत आपण त्यांना वाक्प्रचार म्हणतो. इंग्रजीतही ते ढिगाने आहेत. ते कसे ओळखायचे आणि मुलांना कसे समजावून द्यायचे, याबद्दल वर्गात उपयोगी पडलेल्या काही गोष्टी या लेखात देत आहे.

आधी मराठीकडे बघू या

वर्गात मी हा विषय इंग्रजीपासून सुरू करत नाही. आधी मराठीपासून करते. मुलांना विचारते, "उद्या आपल्या गणेशपुरीत कोणी परदेशी पाहुणा आला, त्याने शब्दकोशातून मराठी शब्द पाठ केलेत, आणि तो तुमच्या घरी बसलाय. तुमची आई काय काय बोलेल की तो चक्रावून जाईल?" गावात परदेशी माणसं येत-जात असल्यामुळे हे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच उभं राहतं.

मग उदाहरणांचा पाऊस पडतो. पोटात कावळे ओरडतात. अंगाचा तिळपापड होतो. नाकी नऊ येतात. कोणी कोणाला पाण्यात बघतं. कोणी डोळ्यांत तेल घालून राखण करतं. पाहुण्याने हे शब्दशः घेतलं तर तो डॉक्टरांनाच बोलावेल, म्हणून मुलं खूप हसतात. हे हसणं महत्त्वाचं आहे. कारण आपलीही भाषा बाहेरच्या माणसाला तेवढीच अवघड आहे, हे मुलांना पहिल्यांदाच कळतं.

त्यानंतर एकच क्रियापद घ्यावं. उदाहरणार्थ, 'मारणे'. आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो, मिठी मारतो, शिट्टी मारतो, भिंतीला रंग मारतो, बाजारात फेरी मारतो. यातल्या एकाही ठिकाणी कोणाला मार बसत नाही. 'खाणे' घ्या. मार खातो, शपथ खातो, बोलणी खातो, भाव खातो, डोकं खातो. 'लागणे' तर सगळ्यांचा राजा आहे. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, शाळेत नंबर लागतो, बाळ रडायला लागतं. हे सगळं मुलाला कोणी शिकवलेलं नाही. ऐकून ऐकून त्याच्या तोंडात बसलंय.

आता सांगावं, की इंग्रजीतलं 'टेक' हे आपल्या 'मारणे' किंवा 'खाणे'सारखंच आहे. 'टेक अ बाथ' म्हणजे अंघोळ करणे, 'टेक अ फोटो' म्हणजे फोटो काढणे, 'टेक अ सीट' म्हणजे बसणे. 'गेट' हे आपल्या 'लागणे'च्या जवळचं आहे. 'टेक म्हणजे घेणे' एवढंच पाठ केलेल्या मुलाला "अंघोळ कशी घ्यायची?" असा प्रश्न पडला तर तो त्याचा दोष नाही. त्याला 'टेक'ची बाकीची नाती अजून भेटलेली नाहीत, एवढंच.

आणि वरचं 'लुक आफ्टर'? आई मोठ्या मुलीला म्हणते, "बाळाकडे बघ गं जरा, मी पाणी भरून येते." इथे 'बघ' म्हणजे नुसतं टक लावून बघत बस, असं नाही. सांभाळ, असंच आहे. म्हणजे मराठीतलं 'बघणे' आणि इंग्रजीतलं 'लुक' इथे सख्ख्या बहिणींसारखे वागतात. हे दाखवून दिलं, की तो वाक्प्रचार मूल विसरत नाही.

'खाऊन टाक' आणि 'ईट अप'

इंग्रजीत क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन', 'अवे' असे छोटे शब्द जोडले, की अर्थ बदलतो. मुलांना सगळ्यात जास्त घोटाळ्यात टाकणारी गोष्ट हीच. कारण छोटा शब्द दिसायला सोपा असतो. 'अप' म्हणजे वर, हे पहिलीतच झालेलं असतं.

यावर मराठीतच एक चांगली किल्ली आहे. आपण म्हणतो, "उरलेला भात खाऊन टाक." 'टाकणे' म्हणजे फेकणे. मग भात खायचा की फेकायचा? मुलं लगेच सांगतात, "बाई, खाऊन टाक म्हणजे संपव." बरोबर. इथे 'टाक'ने स्वतःचा अर्थ सोडला आणि 'पूर्ण कर' एवढीच छटा दिली. 'ईट अप'मधला 'अप' नेमकं हेच काम करतो. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक. 'टिअर अप' म्हणजे फाडून टाक. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवून टाक. असं जोडीने लिहिलं, की पुढचं उदाहरण मुलं स्वतः लावून बघतात.

हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही त्याच तासाला सांगावं. 'स्टँड अप'मधला 'अप' खरोखरच वर जाणारा आहे. 'गिव्ह अप'मध्ये तो सोडून देण्याचा अर्थ देतो. घरगुती गॅसची सबसिडी स्वेच्छेने सोडून द्यावी म्हणून केंद्र सरकारने २०१५ साली 'गिव्ह इट अप' नावाची मोहीम काढली होती. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर, एवढंच ठाऊक असलेल्याला त्या नावावरून आपल्याला काहीतरी वर, म्हणजे जास्तीचं मिळणार, असं वाटू शकलं असतं. अर्थ बरोबर उलटा होता. वाक्प्रचार न समजल्याने काय फरक पडतो, हे पालकांना सांगायला हे उदाहरण चांगलं आहे.

'पुट' घ्या. 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. आता 'परीक्षा पुढे ढकलली' हा तरी शब्दशः अर्थ आहे का? परीक्षेला कोणी धक्का देत नाही. मुलांना हे सांगितलं, की दोन्ही भाषांची गंमत एकदम कळते.

गणिताच्या पेपरातले वाक्प्रचार

वाक्प्रचार म्हटलं, की आपल्याला भाषेचा तास आठवतो. पण माझ्या अनुभवात सगळ्यात मोठं नुकसान गणितात होतं. सेमी इंग्रजीच्या वर्गात मुलाला वजाबाकी उत्तम येते, आणि तरी शाब्दिक उदाहरण चुकतं. कारण गणित नाही, तर त्यातला वाक्प्रचार अडतो.

'राजू हॅड ट्वेल्व्ह मँगोज. ही गेव्ह अवे फाइव्ह. हाऊ मेनी आर लेफ्ट?' हे उदाहरण बघा. 'लेफ्ट' म्हणजे डावा, हे मुलांना कवायतीपासून पक्कं माहीत. मग 'किती डावे आहेत?' असा प्रश्न तयार होतो आणि मूल थांबतं. इथला 'लेफ्ट' हा 'लीव्ह' या क्रियापदापासून आलेला आहे. मागे राहिलेले, म्हणजे उरलेले. डाव्या हाताचा 'लेफ्ट' वेगळ्या मुळापासून आला. आज दोघांचं स्पेलिंग आणि उच्चार सारखे आहेत एवढंच. मराठीत खेळातली हार आणि फुलांचा हार सारखाच दिसतो, तसं. हे दोन मिनिटांत सांगता येतं, आणि त्यामुळे कित्येक गुण वाचतात.

असे आणखी काही शब्द मी वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवले आहेत :

'इन ऑल' : एकूण, सगळे मिळून.
'गेव्ह अवे' : देऊन टाकले. म्हणजे वजाबाकी.
'थ्री टाइम्स' : तिप्पट. इथे वेळेचा संबंध नाही.
'ऑड नंबर' : विषम संख्या. पण 'ऑड वन आउट' म्हणजे गटात न बसणारा. इथे सम-विषम बघायचं नाही.
'ॲट लीस्ट' : कमीत कमी.
'फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह' : बारापेक्षा पाच कमी. वाक्यात पाच आधी येत असले तरी उत्तर बारातून पाच वजा करून काढायचं.

शेवटच्या उदाहरणात बरीच मुलं पाचातून बारा वजा करायला जातात. मराठीत 'बारापेक्षा' आधी येतं, इंग्रजीत 'फाइव्ह' आधी येतो. क्रम उलटा आहे, हे खडूने बाण काढून दाखवावं.

घड्याळाचंही तसंच. 'क्वार्टर टू फाइव्ह' ऐकून मुलं सव्वापाच सांगतात. पाव आणि पाच हे दोन शब्द ऐकू आले, मधला 'टू' निसटला. पाच वाजायला पाव तास कमी, असा त्याचा अर्थ. आपला 'पावणे' हा शब्द फोडून बघितला तर त्यातही 'पाव उणे' हेच आहे. म्हणजे पावणेपाच आणि 'क्वार्टर टू फाइव्ह' हे एकाच विचाराने बनलेले शब्द आहेत. 'हाफ पास्ट फोर' म्हणजे चार वाजून अर्धा तास उलटला, साडेचार. एसटीच्या वेळा घेऊन हा सराव घेतला तर मुलं आवडीने करतात.

बेरीज शिकवताना आपण 'हातचा एक' म्हणतो. इंग्रजीत त्याला 'कॅरी' म्हणतात, म्हणजे उचलून नेणे. एकाने आकडा हातात धरला, दुसऱ्याने उचलून पुढे नेला. कृती एकच. शिष्यवृत्ती परीक्षेतही अशा शब्दसमूहांची समज उपयोगी पडते. पण परीक्षेपेक्षा महत्त्वाचं हे, की गणित येणाऱ्या मुलाला आपल्याला गणित येत नाही असं वाटू नये.

घरातल्या डब्यांवर आणि बाटल्यांवर

आता पालकांच्या जास्त जवळचा भाग. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, 'शेक वेल बिफोर यूज'. 'वेल' म्हणजे विहीर, हे मुलाने चित्रांच्या पुस्तकात वाचलेलं. इथे 'वेल' म्हणजे नीट, चांगलं. घेण्याआधी बाटली नीट हलवा. त्याच बाटलीवर 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन' असतं. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. मलमाच्या ट्यूबवर 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' असतं. फक्त वरून लावण्यासाठी, पोटात घ्यायचं नाही. बिस्किटाच्या पुड्यावर 'बेस्ट बिफोर' असतं. या मुदतीच्या आत खावं. आपल्या भागात अनेक घरांत शाळेत जाणारं मूल हेच घरातलं पहिलं इंग्रजी वाचणारं माणूस असतं. आजी बाटली त्याच्या हातात देते आणि विचारते, "काय लिहिलंय बघ रे." अशा वेळी त्याला सुटे शब्द नाही, तर पूर्ण ओळ कळायला हवी.

भिवंडी पट्ट्यात गोदामं किती आहेत, हे वेगळं सांगायला नको. वर्गातल्या कित्येकांचे आईवडील किंवा दादा-काका तिथे कामाला जातात. तिथल्या खोक्यांवर 'हँडल विथ केअर', 'दिस साइड अप', 'कीप ड्राय' असं छापलेलं असतं. 'हँडल' म्हणजे सायकलचं हँडल एवढंच माहीत असलेल्या मुलाला 'जपून हाताळा' हा अर्थ सापडत नाही. मी मुलांना घरी आलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचं इंग्रजी वहीत उतरवून आणायला सांगते. पाठ्यपुस्तकाच्या बाहेरचं इंग्रजी वाचनाचं साहित्य असं फुकटात मिळतं.

एक शब्द मुद्दाम सांगते, 'आउटस्टँडिंग'. प्रगतिपुस्तकावर हा शब्द असला तर पेढे वाटायचे, कारण तिथे अर्थ आहे उत्कृष्ट. बँकेच्या पत्रात 'आउटस्टँडिंग अमाउंट' असलं तर ती थकबाकी. शब्द एकच. पहिल्या अर्थासाठी आपल्याकडे अगदी जुळणारा वाक्प्रचार आहे, 'उठून दिसणे'. दुसऱ्या अर्थात पैसे अजून यायचे बाकी आहेत. कागद कुठला आहे, कोणी पाठवलाय, हे बघितल्याशिवाय अर्थ लावू नये, ही सवय याच वयात लागली तर पुढे आयुष्यभर कामाला येते.

शिष्टाचाराचे शब्द

'थँक यू' म्हटल्यावर समोरचा 'यू आर वेलकम' म्हणतो. मुलांना वाटतं, स्वागत कशाचं करतोय? तो म्हणतोय, "अहो, त्यात काय एवढं!" जेवणाच्या ताटासमोर कोणी 'हेल्प युअरसेल्फ' म्हटलं तर 'स्वतःची मदत करा' असा त्याचा अर्थ नाही. "लाजू नका, हवं ते वाढून घ्या," असा आहे.

आपल्याकडे तर याहून गमतीदार रीत आहे. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं तर आजी ओरडते. नारळ फोडला तरी म्हणताना 'नारळ वाढवला' म्हणायचं. बांगडी फुटली तर ती 'वाढली'. दुकान बंद केलं तर ते 'वाढवलं'. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून अगदी उलटा शब्द वापरायचा, असा हा विचार आहे.

हे समजलेल्या मुलाला 'ब्रेक अ लेग' समजावणं सोपं जातं. नाटकाच्या आधी इंग्रज कलाकार एकमेकांना 'पाय मोड' म्हणतात! रंगभूमीवर थेट शुभेच्छा देणं अपशकुनी मानलं जायचं, म्हणून उलटं बोलायचं. आपण वाईटाला चांगलं नाव देतो, ते चांगल्याला वाईट नाव देतात. मनातली भीती सारखीच.

म्हणींच्या पोटात इतिहास आणि भूगोल

काही वाक्प्रचार कळायला त्या लोकांचा इतिहास माहीत असावा लागतो. 'त्याचं पानिपत झालं' हे १७६१ ची लढाई ठाऊक नसलेल्याला कळणार नाही. 'ध चा मा करणे' यामागे १७७३ मध्ये झालेला नारायणराव पेशव्यांचा खून आणि पत्रातलं 'धरावे' हे अक्षर बदलून 'मारावे' केल्याची प्रसिद्ध आख्यायिका आहे. तसंच इंग्रज माणूस कोणाचा मोठा पराभव झाला की 'ही मेट हिज वॉटर्लू' म्हणतो. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला. पानिपत आणि वॉटर्लू शेजारी शेजारी लिहिले, की वर्गाला दुसऱ्या स्पष्टीकरणाची गरज पडत नाही.

काही वाक्प्रचारांत भूगोल असतो. न्यूकॅसल हे इंग्लंडमधलं कोळशासाठी प्रसिद्ध असलेलं शहर. तिथे बाहेरून कोळसा नेणं म्हणजे वायफळ उद्योग. म्हणून 'टू कॅरी कोल्स टू न्यूकॅसल' म्हणजे जिथे मुबलक आहे तिथेच ती वस्तू नेणे. हे सांगितल्यावर मुलांना आपल्या भागातला असाच वाक्प्रचार बनवायला सांगितला. एकाने बनवला, 'भिवंडीला कापड विकायला नेणे.' दुसरीने बनवला, 'वज्रेश्वरीच्या कुंडात गरम पाणी ओतणे.' यंत्रमागाचं शहर आणि गरम पाण्याची कुंडं, दोन्ही मुलांच्या बघण्यातली. वाक्प्रचार म्हणजे काय, हे या दोघांना व्याख्या पाठ न करता कळलं होतं.

पावसाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स'. मोबाइलवर फिरणारी एक गोष्ट सांगते, की जुन्या काळी गवताच्या छपरावरून कुत्री-मांजरं घसरून पडायची. या गोष्टीला अभ्यासक आधार मानत नाहीत, म्हणून ती वर्गात खरी म्हणून सांगू नये. त्यापेक्षा मुलांना आपला 'मुसळधार' शब्द फोडून दाखवावा. मुसळाएवढी जाड धार! भाताच्या गावातल्या माणसाला पाऊस बघून मुसळ आठवलं. मुसळ न पाहिलेल्या इंग्रजाला ही उपमा कुत्र्या-मांजरांइतकीच चमत्कारिक वाटेल.

परक्यांनी आपल्या भाषेशी अशीच झटापट केलेली आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. मॅनवेअरिंग नावाच्या पाद्र्यांनी मराठी म्हणी गोळा करून इंग्रजी भाषांतरासह १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून छापल्या. आपल्याकडे दाते आणि कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४० च्या दशकात दोन भागांत तयार केला. वाक्प्रचारांसाठी एवढे मोठे कोश करावे लागतात, यावरूनच कळतं, की शब्द येणं आणि वाक्प्रचार येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाला त्या एका दिवसात याव्यात ही अपेक्षा कशी ठेवायची?

वर्गात घेण्याच्या चार पायऱ्या

पहिली पायरी, थांबणे. वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा आहे आणि तरी वाक्य विचित्र वाटतंय, तर तिथे वाक्प्रचार असू शकतो. मुलांना त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगावी. विचित्र वाटणं ही चूक नाही, ती खूण आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावं.

दुसरी पायरी, प्रसंग बघणे. कोण बोलतंय, कोणाशी, कुठे, कशाबद्दल? आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचून अंदाज करायला लावावा. अंदाज चुकला तरी चालेल, पण तो का केला हे मुलाने सांगावं.

तिसरी पायरी, दोन चित्रं काढणे. वहीचं पान मधोमध दुमडायचं. डावीकडे शब्दशः चित्र, उजवीकडे खरा अर्थ. डावीकडे आकाशातून पडणारी मांजरं, उजवीकडे छत्री उलटी झालेला माणूस. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे ती मुलंही यात रमतात.

चौथी पायरी, आपलं वाक्य करणे. अर्थ कळला की स्वतःच्या घरातलं, शेतातलं, खेळातलं एक वाक्य. 'आय लुक आफ्टर अवर गोट्स' असं वाक्य ज्याने केलं, त्याला 'लुक आफ्टर' आलं.

आठवड्याला दोन किंवा तीन वाक्प्रचार पुरेत. सुरुवात खेळापासून केली तर उत्तम. 'क्लीन बोल्ड', 'हिट विकेट', 'हॅटट्रिक' हे मुलांच्या तोंडी असतातच. 'हॅटट्रिक'मध्ये हॅट कुठून आली? १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये एका गोलंदाजाने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, तेव्हा त्याला बक्षीस म्हणून टोपी दिली होती. निवडणुकीत तिसऱ्यांदा जिंकलेल्या उमेदवाराचीही आज आपण 'हॅटट्रिक' म्हणतो. क्रिकेटचा शब्द राजकारणात कसा गेला, हे मुलं स्वतःच सांगतात.

काय टाळावं?

पन्नास वाक्प्रचारांची यादी देऊन पाठ करून घेऊ नये. यादी चाचणीपुरती राहते आणि नंतर पुसली जाते. प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचाराला मराठी जोडी असलीच पाहिजे, असा हट्ट करू नये. काहींना छान जोडी मिळते. 'टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ' आणि 'सात सुगरणी, भाजी अळणी' यांचा विचार एकच. 'वन्स इन अ ब्लू मून'ला 'सठीसामाशी' चपखल बसतो. पण जिथे जोडी नाही तिथे साध्या वाक्यात अर्थ सांगावा.

मोबाइलवरच्या भाषांतरावर डोळे झाकून विसंबू नये. प्रसिद्ध वाक्प्रचार तो बऱ्याचदा बरोबर सांगतो, पण प्रसंग आपल्यालाच बघावा लागतो. आणि शेवटचं, शब्दशः अर्थ लावणाऱ्या मुलाला वर्गाने हसू नये. वाक्प्रचाराला हसावं, मुलाला नाही. एकदा हसं झालेलं मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही, आणि मग त्याला काय कळलं नाही हे आपल्याला कळायचा रस्ताच बंद होतो.

पालकांसाठी थोडंसं

तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी या अभ्यासात तुमची मदत सगळ्यात मोठी आहे. कारण वाक्प्रचाराची समज मराठीतून तयार होते, आणि ती घरात तयार होते. आजी-आजोबा जे बोलतात ते मुलांच्या कानावर पडू द्या. स्वयंपाक करताना, लावणीच्या वेळी, बाजाराला जाताना एखादी म्हण निघाली तर थांबून विचारा, "असं का म्हणत असतील गं?" ज्या मुलाला 'शितावरून भाताची परीक्षा' का म्हणतात हे कळलं, त्याला परक्या भाषेतल्या म्हणीतही काहीतरी दडलेलं असणार हा विश्वास येतो. त्यासाठी शाळेचं माध्यम बदलावं लागत नाही.

रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं पुरेत. घरातला एक पुडा, एक बाटली किंवा एक खोका घ्या. त्यावरची एक इंग्रजी ओळ मुलाला वाचायला सांगा आणि तुम्हाला मराठीत समजावून सांगायला सांगा. त्याला आलं नाही तर ती ओळ वहीत उतरवून दुसऱ्या दिवशी शाळेत आणू द्या. आमच्या वर्गात अशा ओळींसाठी फळ्याचा एक कोपरा राखून ठेवलेला आहे.

शिक्षकमित्रांनो, तुमच्या वर्गात मुलांना अडलेले असे शब्दसमूह, विशेषतः गणितातले, जरूर टिपून ठेवा. आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते एकमेकांना सांगितले तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावण्याजोगा एक चांगला तक्ता तयार होईल.



प्राथमिक शिक्षिका, गणेशपुरी, ता. भिवंडी, जि. ठाणे